शेणाच्या ढिगाची गोष्ट एका बाजूची आहे

‘डिफेनेस्ट्रेशन’वरचा, म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकण्यावरचा, लेख आवडला, पण १६१८ साली प्रोटेस्टंट बंडखोरांनी प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून फेकलेले बादशहाचे तिघे कॅथलिक अधिकारी शेणाच्या ढिगावर पडून वाचले, हे लेखकांनी सरळ सत्य म्हणून लिहिलंय ते खटकलं. ती प्रोटेस्टंटांची आवृत्ती. कॅथलिक म्हणत, मेरीमातेने झेललं! साधारण ७० फुटांवरून पडून स्लावाटा, मार्टिनित्स आणि त्यांचा चिटणीस फाब्रिशियस जगले, एवढंच दोन्ही बाजूंना मान्य. आम्ही तिथे गेलो होतो तेव्हा गाइडनेही शेणावरच हशा मिळवला. खाली बागेत दोघा सरदारांच्या नावाने स्मारकस्तंभ आहेत, बिचाऱ्या चिटणिसाच्या नावाने नाही. त्याला मात्र पुढे बादशहाने ‘फॉन होहेनफाल’, म्हणजे उंचावरून पडलेला, असा किताब दिला. आपल्याकडे असता तर आडनाव ‘उंचपडे’ झालं असतं.

आणि लेखात १४१९ कुठे गेलं? तेव्हा धर्मोपदेशक यान झेलिव्स्कीच्या मागून आलेल्या हुसपंथी (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या) जमावाने प्रागच्याच नगरभवनाच्या खिडकीतून नगरसेवकांना खाली फेकलं आणि त्यातलं कुणी वाचलं नाही. १६१८च्या बंडखोरांसमोर हाच कित्ता होता. त्याच्याशिवाय खिडकीच का, हे कळत नाही.