'मारबत नाचवून पोट भरतं काय?' या प्रतिक्रियेला उत्तर

काकाजी, नमस्कार.

नागपुरातल्या इंदोऱ्यातल्या अभ्यासिका आणि इतवारीतली मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारा मोठा पुतळा) यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं, "मिल गेली, पोट्टे पुण्याला गेले, उरले ते बुटीबोरीच्या कारखान्यांत कंत्राटावर. मारबत नाचवून पोट भरतं काय? वस्तीचं असं कौतुक केलं की सरकार मोकळं सुटतं." तुमचे वडील मिलमध्ये विणकाम खात्यात होते. घरात सोसलेलं तुम्ही लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पोट भरत नाही, त्यावर वादच नाही. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. आज कंत्राटावरच्या पोराचं बोट मशीनमध्ये गेलं, तर तो नेमका कोणाचा कामगार यावरूनच आधी वाद सुरू होतो. गांधीसागराजवळ मिलच्या जागी मॉल झाला. तिथल्या सेल्समनच्या पगारावर घर उभं राहत नाही. या घसरणीला मीही घसरणच म्हणतो.

पण काकाजी, मिलने दिलेलं मिलबरोबर गेलं. कामगारांनी आपसात वर्गणी काढून जे उभं केलं, त्यातलं बरंच टिकलं. कामठीचे बाबू हरदास आठवा. विडी कामगारांची संघटना बांधली, रात्रशाळा चालवली, आणि १९३९ मध्ये अवघ्या पस्तिशीत गेले. त्यांच्या पाठीशी कोणती कंपनी होती? विड्या वळणारी माणसं होती. आज विहारांमध्ये ज्या अभ्यासिका चालतात, त्या मला त्याच वळणाच्या वाटतात.

मी पाहिलेली अभ्यासिका म्हणजे विहाराच्या मागची एक खोली. दाराशी चपलांचा ढीग, आत भिंतीला टेकून बसलेली पोरं-पोरी, प्रत्येकाच्या पुढ्यात चालू घडामोडींचा अंक आणि पाण्याची बाटली. भिंतीवर स्केचपेनने लिहिलेली यादी: या महिन्याचं लाइटबिल कोणी किती दिलं. त्यात एका भाजीवाल्या मावशींचंही नाव होतं. त्यांच्या घरचं कोणीच तिथे शिकत नाही. मी विचारलं, मग काहून देता? म्हणाल्या, "वस्तीतलेच पोट्टे आहेत ना." परीक्षा सगळे पास होणार नाहीत, जागाच तेवढ्या नाहीत. तरी माझी आशा त्या यादीवर आहे, निकालावर नाही.

आता मारबत. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. म्हणजे दोन्ही मिलच्याच पिढीच्या. तुम्ही नाचणं पाहिलं, मला त्यात बडगे, म्हणजे मारबतीसोबत निघणारे चालू प्रश्नांचे पुतळे, महत्त्वाचे वाटतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महागाई, बेरोजगारी, भ्रष्टाचार यांचे पुतळे भर रस्त्यातून निघतात आणि हजारो माणसं "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतात. लोकांनी आपली तक्रार अशी उघड्यावर, सगळ्यांनी मिळून मांडायची सवय ज्या शहरात आहे, ते शहर मी मेलेलं मानत नाही. बांबू, कागद, कापड घेऊन पुतळा बांधायला बसलेली पोरं गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडून काम शिकतात. मिल बंद झाल्यावर दोन पिढ्यांनी एकत्र बसून हाताने काही करायच्या जागा फार कमी उरल्यात.

सरकार मोकळं सुटतं, हा तुमचा मुद्दा मात्र मला सर्वांत जास्त टोचला, कारण धोका खरा आहे. भाजीवाल्या मावशींनी लाइटबिल भरावं आणि महानगरपालिकेने टाळ्या वाजवाव्यात, हे मला मान्य नाही. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या मनपा शाळांच्या खोल्या कुलपात धूळ खातायत. त्या संध्याकाळी अभ्यासिकांना द्या, वीज-पाणी पालिकेने भरावं, ही मागणी करायला वस्तीत आधीच एकत्र आलेली माणसं लागतात. विखुरलेल्या माणसांचं निवेदन टेबलावरच राहतं. म्हणून मी या माणसांबद्दल लिहितो.

तुमचा मुलगा बुटीबोरीत कंत्राटावर आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. पाळी किती तासांची, पीएफ कापला जातो का, हजेरीचा कागद हातात मिळतो का, हे त्याला विचारून कळवाल? कंपनीचं नाव नको. पुढचा लेख त्याच्यावरच लिहायचा आहे.