जशीच्या तशी

मे महिन्यात, अमळनेरच्या उन्हात, भर दुपारी दोन वाजता फोन वाजला की समजावं, एकतर कोणीतरी गेलं किंवा काहीतरी बंद पडलं. मी कूलरमध्ये पाणी ओतत होतो. पलीकडे आप्पा होते.

"भाऊ, मन्ही येबसाइट कथी गयी?"

आप्पांचं मंगल कार्यालय आहे. २००९ साली मी नुकताच धंद्यात पडलो तेव्हा ते माझं पहिलं गिऱ्हाईक. त्यांना जुमला नावाच्या, साइट बांधायच्या सॉफ्टवेअरच्या १.५ आवृत्तीवर साइट करून दिली होती. वर गणपती, दोन्ही अंगांना हलत्या ज्योतीच्या समया, मधोमध 'सुस्वागतम्', खाली हॉलचे आपोआप सरकणारे फोटो. 'जुमला' ऐकून आप्पा तेव्हा जरा बिचकले होते. स्वाहिली भाषेत याचा अर्थ 'सगळे मिळून' असा होतो, असं सांगितल्यावर म्हणाले, "मंग चाली. लगीन म्हंजे तेच."

आता मात्र साइटच्या जागी नुसतं पांढरं पान. होस्टिंगवाल्यानं सर्व्हर पीएचपीच्या, म्हणजे जुमला ज्या भाषेत लिहिलंय तिच्या, आठव्या आवृत्तीवर नेला होता. तशी सूचना दोन महिन्यांपूर्वी ईमेलवर आली होती आणि मी ती 'नंतर बघू' या माझ्या सर्वांत भरलेल्या खात्यात टाकली होती. जुन्या पीएचपीत क्लासच्या, म्हणजे कोडच्या एका गठ्ठ्याच्या, नावाचंच फंक्शन आत लिहिलं की तेच कन्स्ट्रक्टर, म्हणजे काम सुरू करून देणारं फंक्शन, समजलं जायचं, जसं आमच्याकडे बापाचं नाव सांगितलं की अर्धी कामं होतात. आठव्या आवृत्तीत ही ओळख चालत नाही.

म्हटलं, चला, सरळ जुमला ५ वर जाऊ. पण तिथे थेट गाडी नाही. १.५ वरून २.५, मग ३.१०, मग ४, मग ५. सुरत-भुसावळ पॅसेंजरसारखं नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा करत यायचं. लेख, मेनू, फोटो हे प्रवासी कसेबसे सामानासकट पोचतात. टेम्पलेटला, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्याला, मात्र पहिल्याच स्टेशनावर खाली उतरवतात. त्याला पुढे न्यायचं तर खांद्यावर घेऊन चालत न्या.

मी आप्पांना सुचवून पाहिलं, "आप्पा, या निमित्ताने डिझाइनच नवीन करू का?"

"नही. जशी व्हती तशीच पाह्यजे. लोके वळखतस तिले."

सुरुवात फसवी सोपी होती. टेम्पलेटच्या एक्सएमएल फाइलमध्ये सगळ्यांत बाहेरचा टॅग 'इन्स्टॉल' होता, तिथे आता 'एक्स्टेन्शन' लागतं. तेवढं बदललं आणि टेम्पलेट सुरळीत चढलं. मी उठून चहा टाकला. चहा गाळून येईपर्यंत पडद्यावर आलं होतं: 'जेरिक्वेस्ट' हा क्लास सापडत नाही. सापडणार कसा? जुमलाच्या चौथ्या आवृत्तीत तो काढून टाकलाय. मी त्याला सात ठिकाणी हाक मारली होती. फोटो सरकवणारी मूटूल्सही त्याच आवृत्तीत गेली, त्यामुळे फोटो आता एकाखाली एक, पंगतीला बसल्यासारखे. आणि इंडेक्स फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत सोळा वर्षं बसून असलेलं ते 'ऑर डाय', 'नाहीतर मर'. त्याचा अर्थ मला त्या रात्री अडीच वाजता लाइट गेल्यावर पुरता कळला.

पण खरा जीव खाल्ला सीएसएसनं, म्हणजे पानाचे रंग-कडा ठरवणाऱ्या कोडनं. जुमला १.५ लेख छापायचं ते टेबलात, आणि त्या टेबलाचा क्लास, म्हणजे इथे सीएसएसला सांगायचा पत्ता, 'कंटेंटपेनओपन'. मी मोठ्या हौसेनं त्याला केशरी कडा, आतून पिवळसर रंग आणि कोपऱ्यात बारीक कमळ दिलं होतं. नव्या जुमलात ते टेबलच नाही. तिथे 'आयटम-पेज' नावाचा एक साधा डिव्ह, नुसता रिकामा चौकोन. म्हणजे माझ्या चारशे ओळी घर सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर रोज पत्रं टाकत होत्या, आणि तक्रारही नाही. पीएचपी चुकलं तर निदान बोंब मारतं. सीएसएस चुकलं तर मुकाट्यानं बसतं, घरातल्या रुसलेल्या माणसासारखं. एकेक कडा, एकेक कमळ शोधून नव्या पत्त्यावर नेऊन ठेवलं.

"रात्रभर काय करताय?" बायकोनं विचारलं.

"साइट नवीन केली. आता ती जुनी दिसायला लावतोय."

ती काही न बोलता आत गेली. तिचंही बरोबर. कानबाईच्या सणाआधी घराला रंग दिला की निदान शेजारीण दारातून म्हणते, रंग छान बसलाय हो. माझं काम जितकं चांगलं, तितकं ते दिसणार नाही! एखादी भिंत तिरकी राहिली असती तर निदान मेहनत केल्याचा पुरावा तरी उरला असता. मोबाइलवर साइट नीट दिसावी म्हणून गुपचूप केलेल्या उठाठेवी तर मी कोणाला सांगितल्याही नाहीत.

अकराव्या दिवशी लॅपटॉप घेऊन कार्यालयात गेलो. मागे आचारी बट्ट्या तळत होता, वरणाचा वास सुटला होता. आप्पांनी चष्मा लावला. वरून खाली, खालून वर, दोनदा पाहिलं.

"काहीच तं बदलं नही."

"तेच तर, आप्पा!"

"मंग पैसा कशाना?"

मी पीएचपी सांगितलं, मूटूल्स सांगितलं, कंटेंटपेनओपनपर्यंत पोचलो. आप्पा ऐकत होते, पण डोळे पडद्यावर. मग बोट ठेवून म्हणाले, "ही समई बदली का रे? पहिली भारी व्हती."

त्या समईची जीआयएफ, म्हणजे हलत्या चित्राची, फाइल २००९ ची. अख्ख्या साइटमध्ये मी हात न लावलेली तेवढी एकच गोष्ट. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. लॅपटॉप माझ्याकडे वळवला, दोन मिनिटं गंभीर चेहऱ्यानं टकटक केली, पान पुन्हा उघडलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"आता बघा."

आप्पा वाकले. ज्योत हलली.

"हां, आते बराबर शे. येना पैसा लिखी ले."