‘कृत्रिम सूर्य फुटला तर?’ : नाशिकच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: गांधीनगरला भारताचा ‘कृत्रिम सूर्य’ आहे, बटण दाबलं की पेटतो. चुंबक फेल गेलं तर कोट्यवधी अंशांचा गोळा बाहेर पडून शहर वितळेल. आणि असं एक यंत्र इथे बसवलं तर ते गंगापूर धरणाच्या पाण्यावर चालेल, एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा कोळसा बंद होईल.

यातलं गांधीनगर तेवढं खरं. तिथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून ‘आदित्य’ हा टोकामॅक, म्हणजे चुंबकांच्या जोरावर अतितप्त वायू भिंतीपासून दूर धरणारं कड्याच्या आकाराचं यंत्र, आहे. २०१६ मध्ये सुधारणा होऊन त्याचा ‘आदित्य-यू’ झाला.

‘शहर वितळेल.’ तापमान आणि उष्णता यांची ही गल्लत. आदित्य-यूचा प्लाझ्मा (इतका तापलेला वायू की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात) मध्यभागी ३०-३५ लाख अंशांच्या घरात जातो, पण तो हवेपेक्षा दहा लाख पट विरळ असतो. आकारमान जेमतेम एक घनमीटर, आतला सगळा हायड्रोजन मिळून मिलिग्रॅमचा काही शतांश भाग. मिठाचा एक कणही याहून जड भरेल. सगळा प्लाझ्मा मध्याइतकाच तापलाय असं धरलं तरी साठलेली उष्णता तीन किलोज्यूलच्या आत राहते. कपभर चहा तेवढ्याने सहा-सात अंश गरम होईल.

चुंबक गेलं तर? प्लाझ्मा भिंतीला टेकतो आणि काही मिलिसेकंदांत थंड होऊन मरतो. याला डिसरप्शन म्हणतात. प्लाझ्मातला दीडशे किलोअँपिअरचा प्रवाह एकदम कोसळला की भांड्याच्या धातूत प्रवाह उमटतात, चुंबकी क्षेत्रात त्यांना दणका बसतो, ग्राफाइटचा लिमिटर, म्हणजे प्लाझ्माची कड अडवणारा आतला ठोकळा, झिजतो. मोठ्या यंत्रांत हा दणका खरंच महागात पडतो. पण मार बसतो यंत्रालाच, गावाला नाही.

‘बटण दाबलं की पेटतो.’ इथे तर हसूच येतं. शॉट, म्हणजे प्लाझ्मा पेटवण्याची एक खेप, सेकंदाच्या काही दशांश भागाचा, तयारी कित्येक दिवसांची. आधी टर्बो पंपांनी दाब हवेच्या हजार कोटीव्या भागाच्याही खाली न्यायचा. भांडं दीडशे अंशांपर्यंत भाजायचं, म्हणजे भिंतीत मुरलेलं पाणी सुटतं. मग तासन् तास ग्लो डिस्चार्जने, म्हणजे विरळ वायूतल्या मंद विद्युत झोताने, आतून धुवायचं. उरलेले वायू रेणूंच्या वजनावरून ओळखणाऱ्या वायू-विश्लेषकावर लक्ष ठेवायचं: १८ या वजनावर शिखर म्हणजे पाणी. २८ बरोबर १४ आणि ३२ सुद्धा वर आले तर बाहेरची हवा घुसतेय. मग एकेका जोडावर हेलियम फवारत गळती शोधत बसा. जोड घट्ट बसवणाऱ्या रबरी ओ-रिंगवर चिकटलेला एक केसही दिवस खातो.

शॉटचा क्रम ठरलेला असतो. आधी मुख्य चुंबकी क्षेत्र पूर्ण चढवायचं, विजेवर झटकन उघडणाऱ्या पिझो व्हॉल्व्हने मोजका हायड्रोजन सोडायचा, मग ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलने वेढ्यात सुमारे २० व्होल्ट निर्माण करायचे. वायू जास्त झाला तर ब्रेकडाउनच, म्हणजे वायूचा प्लाझ्मा होणंच, होत नाही. कमी पडला तर इलेक्ट्रॉनांना धडकायला कोणी उरत नाही, ते सुसाट सुटतात आणि लिमिटरवर आपटून हार्ड (जास्त भेदक) एक्स-रे काढतात. कॉइलच्या जुळणीतल्या चुकीने वीस-तीस गॉसचं (गॉस हे चुंबकी क्षेत्राचं माप) आडवं क्षेत्र उरलं तरी पेटण्याआधीच इलेक्ट्रॉन भिंतीला जाऊन मिळतात. फसलेल्या शॉटनंतरही कॉइल थंड होईपर्यंत पुन्हा थांबणं आलंच.

‘एकलहरे बंद.’ ब्रिटनच्या जेट या मोठ्या टोकामॅकने २०२३ मध्ये पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल संलयन-ऊर्जा (हलकी अणुकेंद्रं जुळताना सुटणारी) दिली, तेव्हा तो विक्रम होता. युनिटांत मोजली तर ती सुमारे १९ भरते, तीही उष्णता, वीज नव्हे. एकलहऱ्याचा २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने तेवढी वीज सेकंदाच्या एक तृतीयांशात देतो. शिवाय जेटचे तांब्याचे चुंबक चालवायला ग्रिड अपुरा पडायचा म्हणून ऊर्जा साठवणारी ७७५ टनांची दोन फ्लायव्हील (फिरती जड चाकं) होती. आदित्य-यूमध्ये तर मुख्यतः साधा हायड्रोजन वापरतात, वीज बनवणं हा त्याचा हेतूच नाही.

धरणाच्या पाण्यात ड्युटेरियम, म्हणजे संलयनाचं इंधन असलेला जड हायड्रोजन, असतं, हे बरोबर. पण जोडीला ट्रिटियम, हायड्रोजनचाच आणखी जड, किरणोत्सारी प्रकार, लागतं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, ते लिथियमपासून बनवावं लागतं.

धोका शोधायचाच असेल तर तो शॉटसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटर बँकेत आणि त्या एक्स-रेमध्ये आहे. म्हणून शॉटआधी सायरन वाजतो, हॉल रिकामा होतो, दार इंटरलॉकमध्ये असतं, म्हणजे ते उघडं असेल तर शॉट होतच नाही. आणि शॉटनंतर उरलेली वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंग रॉड लावल्याशिवाय बँकेजवळ कोणी हात नेत नाही. सातपूर-अंबडच्या स्विचगिअर कारखान्यांतल्या कुठल्याही टेस्टिंगवाल्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.