पिकं कार्बन खातात म्हणून शेतीतून गॅस निघतच नाही? त्या फॉरवर्डला उत्तर

शेतीच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं की पिकं कार्बन डायऑक्साइड खातात तर शेतीमुळे तापमान वाढेलच कसं, भातातून मिथेन निघतो हे थोतांड, भात तर पूर्वजांपासून लावतोय, खतातल्या नत्रातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हवेत फक्त 0.00003 टक्के आहे, शेणखत वापरलं की तोही नाही, आणि हे सगळं शेतकऱ्यावर कार्बन टॅक्स लावायचं कारस्थान आहे. एकेक बघू.

"पिकं कार्बन खातात." खातात की, कोण नाही म्हणतंय! पण ज्वारीची भाकरी आपण खाल्ली, कडबा जनावराने खाल्ला, की तो कार्बन वर्ष-दोन वर्षांत बहुतेक परत हवेत. म्हणून तो ना जमेला धरतात ना खर्चाला. जनावरांचा रवंथ बाजूला ठेवला तर शेतीच्या नावावर मुख्यतः लागतात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड, आणि ते दोन्ही बनवतात मातीतले जिवाणू. मेसेजवाल्याने भलत्याच खात्याचं पासबुक उघडलंय.

"भातातून मिथेन म्हणजे थोतांड." खाचरात बेणणीला उतरलात की पाय रुतेल तिथून बुडबुडे येतात ना, त्यात मिथेन असतो. पाणी साचलं की मातीत हवा जात नाही, मग बिनहवेचे जिवाणू काडीकचरा कुजवून मिथेन बनवतात, आणि गंमत म्हणजे बुडबुड्यांपेक्षा कितीतरी जास्त गॅस भाताच्या पोकळ काडीतूनच वर येतो. पूर्वजांच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. मिथेन दहा-बारा वर्षांत मोडतो, तेव्हा तेवढाच भात तसाच पिकत राहिला असता तर भातामुळे हवेतलं प्रमाण वाढत गेलं नसतं, पण जगभर क्षेत्र वाढलं, कालव्यावर दुबार भात आला. मधून मधून पाणी आटवून परत भरलं की मिथेन 30 ते 50 टक्के घटू शकतो. कोकणात भर पावसात हे कोण करणार, हेही खरंच, तिथे नेरळच्या सगुणा बागेतून आलेलं सगुणा राईस तंत्र (एसआरटी) जास्त चालण्यासारखं वाटतं, गादीवाफ्यावर टोकणी, चिखलणीच नाही.

"0.00003 टक्के." आकडा चक्क बरोबर आहे! पण कारखानदारीच्या आधी हवेत अब्ज भागांत 270 भाग नायट्रस ऑक्साइड होता, आता 335 च्या वर गेलाय, आणि 100 वर्षांच्या हिशोबात याचा एक किलो 273 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. आता युरियाची 45 किलोची गोणी घ्या. त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या ढोबळ नियमाने त्यातलं 1 टक्का नत्र या गॅसच्या रूपात उडतं (ओलीत जास्त, कोरड्यात कमी), गॅस होतो सव्वातीनशे ग्रॅम, आणि गुणाकार केला की एका गोणीमागे साधारण 89 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम, म्हणजे तेहतीसेक लिटर डिझेल जाळल्याएवढं. युरिया फॅक्टरीत बनताना जे जळलं ते यात धरलेलंच नाही. पाऊस तोंडावर असताना युरिया फोकून देतो तेव्हा पैसाही असाच जातो, काही वाहून, काही उडून.

"शेणखत टाकलं की प्रश्न मिटला." नाही मिटत. जिवाणू नत्र कुठून आलं ते विचारत नाहीत. मातीसाठी शेणखत हवंच, पण त्यातूनही हा गॅस निघतो.

"टॅक्स लावणार." कुठे? भारतात शेतीच्या गॅसवर टॅक्स नाही. 2021 ला ग्लासगोत मिथेन कमी करायच्या जागतिक करारात भारत सामीलच झाला नाही. टॅक्स ठरलाय डेन्मार्कमध्ये, 2030 पासून, तोही जनावरांवर. आपल्याच सरकारी अहवालात 2020 साली देशाच्या एकूण अशा गॅसमध्ये शेतीचा वाटा 13.72 टक्के आणि ऊर्जेचा 75 च्या वर, त्यामुळे शेतकऱ्यालाच का धरता हा मेसेजमधला राग मला पटतो. पण आता कार्बन क्रेडिटवाले गावात यायला लागलेत, भाताचं पाणी आटवा, पैसे मिळतील म्हणतात. तिथे करार किती वर्षांचा, मोजणार कोण आणि आपल्या हातात किती, हे विचारायला हवं. मिथेन निघतच नाही म्हणून बसलो तर कमी केल्याचे पैसे कुठल्या तोंडाने मागणार?