गाडीची गुणपत्रिका कशी वाचावी

गाडी घ्यायची ठरली की आधी रंग ठरवावा, मग सनरूफ, मग हप्ता. गाडी किती इंधन पिते हे सांगणारा तो हिरव्या-पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा कागद अगदी शेवटी बघावा. एव्हाना मन गाडीवर बसलेलं असतं, आणि मन बसलं की कुठलाही आकडा गोडच लागतो.

पुढे रस्त्यावर गाडी तेवढं ॲव्हरेज देईना, तर तिला बोल लावू नका. तुम्हालाच चालवता येत नाही. युरोपात 2017 पर्यंत हे आकडे ज्या एनईडीसी चाचणीतून निघत, तिच्यात शून्यावरून 50 च्या वेगाला पोचायला गाडी 26 सेकंद घेई. तुम्हीही घ्या. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. एसी बंद, दिवे बंद. चढ, वारा, पाऊस यांच्या वाटेला जाऊ नका, कारण परीक्षा बंद खोलीत रोलरवर होते. रिकाम्या गाडीवर चालकासकट फक्त 100 किलो धरत. म्हणून सोबत कोणी येणार असेल तर आधी वजनकाट्यावर उभं करा. सगळा प्रवास 20 मिनिटांचा, 11 किलोमीटरचा, सरासरी वेग ताशी 34. ऑफिस याहून लांब असेल तर घर बदला.

आयसीसीटी या संशोधन संस्थेने हिशेब मांडला, तेव्हा कागद आणि रस्ता यांच्यातली तफावत 2001 मध्ये 9 टक्क्यांच्या आसपास निघाली आणि 2015 मध्ये 40 च्या घरात. इंजिनं सुधारली नाहीत असं नाही, पण परीक्षार्थी फार लवकर सुधारले. मग डब्ल्यूएलटीपी नावाची कडक परीक्षा आली: 30 मिनिटं, 23 किलोमीटर, वेग 131 पर्यंत. एसी तिच्यातही बंदच. उकाड्याला अभ्यासक्रमात जागा नाही.

आता निवड. किरकोळ अंगाची गाडी चुकूनही घेऊ नका. जर्मनीने 2011 मध्ये लेबल आणलं, त्यात दर्जाचं अक्षर गाडीच्या वजनाच्या मानाने मिळे. गाडी जितकी जड तितकी तिला जास्त धुराची सूट. त्यामुळे दोन टनांचं धूड छोट्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडूनही वरच्या वर्गात बसू शकत होतं. (जाड मुलांना उंच उडीत दोरी खाली धरावी, तसं.) हे अक्षर थेट धुरावरून ठरवायला 2024 उजाडलं. अमेरिकेने त्याहून सोपी वाट काढली. तेलटंचाईनंतर 1975 मध्ये कायदा करून कारना मायलेजची अट घातली आणि हलक्या ट्रकना ती सैल ठेवली. मग पीटी क्रूझरसारखी घरगुती गाडीसुद्धा कागदोपत्री ट्रक झाली. तुम्हीही स्वतःला ट्रकचालक म्हणवून घ्या, भाव वाढतो.

गणित टाळा. जुनी गाडी 10 चं ॲव्हरेज देत होती, नवी 12 देते, यात फुशारकी मारण्यासारखं काय? 20 वरून 28 वर गेलेला शेजारी खरा शहाणा दिसतो. 10 हजार किलोमीटरला तुमचं 167 लिटर वाचतं आणि त्याचं 143, हे त्याला सांगायला जाऊ नका. या चकव्यावर लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांनी 2008 मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध लिहिला. तरी आपण लिटरला किलोमीटरच विचारतो, शंभर किलोमीटरला किती लिटर गेलं हे विचारत नाही.

आणि अगदी सज्जन दिसायचं असेल तर प्लग-इन हायब्रीड घ्या, म्हणजे इंजिनासोबत प्लगला लावून भरायची बॅटरीही असलेली गाडी. बॅटरी भरलेली धरून कागदावर ती जवळजवळ वायुभक्षण करते. युरोपीय आयोगाने 2024 मध्ये जाहीर केलं की रस्त्यावर या गाड्या चाचणीच्या साडेतीन पट इंधन पितात. कारण उघड आहे, लोक बॅटरी चाचणीत धरलंय तितक्या वेळा भरत नाहीत. तुम्हीही चार्जिंगची केबल डिकीत पिशवीतच राहू द्या. एकदा उलगडली की ती पुन्हा त्या पिशवीत बसत नाही.