राणीसाहेब आणि थकबाकी

आज सकाळी नऊ वाजता माझ्या राणीची सहा अंडी होती आणि दुपारपर्यंत एकही उरले नव्हते. खाल्ली तिनेच, परंतु खायला लावली ती आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकांनी, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मुंग्या पाळायच्या तर आधी राणी शोधावी लागते, कारण राणीवाचून कामकरी मुंग्या कितीही गोळा केल्या तरी वसाहत वाढत नाही. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या राण्या उडतात, नराशी संग करून खाली उतरतात, पंख स्वतःच तोडून टाकतात आणि बिळासाठी जागा शोधत फिरू लागतात. एवढ्या ज्ञानावर मी ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या पार्किंगमधल्या दिव्याखाली पहिल्या रात्री अकरा राण्या पकडल्या. मुंगीची मिशी कोपरासारखी वाकलेली आणि कंबर बारीक असते, वाळवीला मात्र कंबरच नसते, हे मला अकराही जणींना टेस्ट ट्यूबच्या नळ्यांत घालून कापूस लावून झाल्यावर कळले.

दुसऱ्या रात्री मी मोबाइलचा टॉर्च लावून उकिडवा बसलो होतो. तेवढ्यात डोक्यावर छत्री आली. बनियन, बर्म्युडा आणि काखेत मेंटेनन्सच्या बिलांचा गठ्ठा अशा थाटात काका उभे होते.

"काय हरवलं?"

"राणी शोधतोय."

काका क्षणभर थांबले. "मांजर पाळलंत? कमिटीला कळवलं नाहीत."

"मांजर नाही हो काका, मुंगी."

"तुमचीच होती का?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे मला अजूनही सुचलेले नाही. नाही म्हणावे तर परक्याची मुंगी पळवल्यासारखे होते आणि हो म्हणावे तर वेड्यात निघतो. मी सगळा प्रकार समजावून सांगितला. त्यावर काका म्हणाले, "आमच्या साखरेच्या डब्यात या की, चारेकशे असतील. त्यातली जी काही काम करत नाही ती राणी!" पुढे त्यांनी मरण जवळ आले की मुंगीला पंख फुटतात, ही म्हणही ऐकवली. ती नरांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे, कारण बिचारे त्या उड्डाणानंतर फार जगत नाहीत. राणीचे मात्र तिथून सुरू होते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाच्या सांभाळात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे, असे मी अभिमानाने सांगितले.

"अठ्ठावीस? म्हणजे आपलं रीडेव्हलपमेंट ती बघणार," काका म्हणाले. "आपलं काही खरं नाही."

आणि मग जे घडू नये तेच घडले. राणी काकांना सापडली. त्यांच्याच चपलेच्या पट्ट्यावर मुंगळ्याची टपोरी काळी राणी चालली होती. पंख गळालेले, पाठ फुगीर, पोट जड. त्यांनी गठ्ठ्यातले वरचे बिल काढून तिला अलगद त्यावर घेतले. ते बिल माझे होते, मागच्या तिमाहीच्या थकबाकीचे.

त्या रात्रीपासून राणी आमची नव्हे, काकांची झाली. जिन्यात भेटेल त्याला ते "आम्ही पकडली" असे सांगत. आमच्या घरात टेस्ट ट्यूब आहे, एवढाच भाग त्यातून दोन काकूंपर्यंत पोचला आणि त्यांनी माझ्या बायकोचे डोळे भरून अभिनंदन केले. तिने त्या दिवशी माझ्याशी एक अक्षरही बोलायचे नाकारले.

वास्तविक राणीला काहीच लागत नाही. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापूस, मग ती आणि तोंडाला पुन्हा कापूस. मुंगळ्याची राणी पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत महिना-दीड महिना अन्नाला तोंड लावत नाही. निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू विरघळवून त्यावरच पिल्ले पोसते. तिला फक्त अंधार आणि शांतता हवी असते. धक्के बसले, उजेड झाला, की ती बिथरते आणि स्वतःची अंडी खाते. म्हणून मी तेच बिल नळीभोवती गुंडाळून नळी टीव्हीखालच्या खणात ठेवली होती.

आज मी आंघोळीला गेलेलो असताना काका वसुलीला आले, "राणीसाहेब कशा आहेत?" म्हणत त्यांनी खण उघडला, बिल उलगडले आणि "अहो, हे अजून भरलं नाहीत?" असे ओरडून नळीवर नखाने टिचक्या मारल्या. मी ओल्या डोक्याने धावत आलो, तेव्हा ते नळी खिडकीत उजेडाकडे धरून आत ती कशी पळते हे माझ्या बायकोला दाखवत होते. थकबाकीवर व्याज लावता येते, हेही त्यांनी तिथेच समजावले. अंड्यांचे कळल्यावर म्हणाले, "परत घालेल की."

घालेलही. संध्याकाळी मी व्याजासह पैसे भरले. नळीला गुंडाळायला बिलाची एखादी जुनी प्रत मागितली, तर सोसायटीची स्टेशनरी खासगी कामाला देता येत नाही, असे काकांनी सांगितले.