अपंग रस्त्यावर दिसत नाहीत, म्हणून उतार नकोत?

परवा आत्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'अगदी खरं आहे.' मेसेजचं म्हणणं असं: रस्त्याचा कर गाडीवाले भरतात, म्हणून रस्ता त्यांचा, फुटपाथ रिकामेच असतात, ते तोडून गाड्यांना जागा द्या, फुटपाथवर चढायचे उतार आणि अंधांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या लाद्या ही उधळपट्टी, कारण अपंग माणसं रस्त्यावर दिसतच नाहीत, आणि आता मेट्रो आली, बस कशाला? इंदुरात बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, काढायचं ठरल्यापासून असले मेसेज फिरतच आहेत. पण हा आत्याने पाठवला. 76 वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेल्या आत्याने!

तिसऱ्या मुद्द्याने माझं डोकं सर्वांत जास्त फिरलं, म्हणून आधी तोच. 2011च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद आहे. त्या दिसत नाहीत, कारण घराच्या पायरीपासून बसच्या पायरीपर्यंत सगळं त्यांना अडवतं. आत्याचंच बघा. लोकमान्य नगरातून साहित्य सभेच्या कार्यक्रमांना ती एकटी जायची. आता फुटपाथ इतका उंच की चढताना कुणाचा तरी हात लागतो, आणि साध्या बसची पहिली पायरी तिच्या गुडघ्याच्या वर येते. म्हणून ती घरी बसते. मग मेसेजवाल्याला ती दिसणार कुठून? जी माणसं अडवली गेली, त्यांचं न दिसणं हाच पुरावा धरायचा?

बीआरटीएसच्या थांब्यावर फलाट आणि बसची जमीन एका पातळीत होती. नवलखा चौकातल्या थांब्यावर आत्या पाय न उचलता आत जायची. एवढं मात्र मान्य करते की ते थांबे रस्त्याच्या मधोमध होते आणि तिथवर पोचायला भरधाव गाड्यांमधून वाट काढावी लागे. पिवळ्या लाद्यांचंही तसंच. लांब पट्ट्यांची लादी 'सरळ चला' सांगते, ठिपक्यांची 'थांबा, पुढे सांभाळा'. कितीतरी ठिकाणी ती रांग थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळते. अशा कामावर झालेला खर्च वाया गेला, हे खरंच. पण म्हणून लाद्या नीट बसवायच्या की उखडायच्या? आणि उतार काय फक्त चाकाच्या खुर्चीसाठी असतो? बाळाची गाडी, गॅसची टाकी, भाजीचा ठेला, सरवटे बसस्टँडवरची चाकाची बॅग, सगळं त्याच उतारावरून जातं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम वाहतूक हा हक्क केला आहे; तिथे मेहेरबानीचा प्रश्नच येत नाही.

आता कराचं. त्याच जनगणनेत लोक कामाला कशाने जातात हेही विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांत चारचाकीने जाणारे 3 टक्क्यांहूनही कमी निघाले. पायी जाणारे 22 टक्क्यांवर, सायकलवाले सुमारे 13, बसवाले सुमारे 11. आकडे जुने आहेत, गाड्या वाढल्या आहेत, तरी पायी जाणारा माणूस काही संपला नाही. तोही बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी भरतो, आणि शहरातले रस्ते मालमत्ता कर आणि सरकारी अनुदानातूनही होतात. गाडीच्या करावर रस्त्याची मालकी मिळत नसते.

फुटपाथ रिकामे? त्यावर गाड्या लावलेल्या असतात, म्हणून माणसं खाली रस्त्यावरून चालतात.

राहिली मेट्रो. 31 मे 2025 रोजी सुरू झाली ती सुमारे सहा किलोमीटर आणि पाच स्थानकं, तीही शहराच्या कडेच्या सुपर कॉरिडॉर या रस्त्याच्या बाजूला. मेट्रोच्या स्थानकात लिफ्ट असते, हे चांगलंच आहे. पण आत्या, लोकमान्य नगरातून तू त्या लिफ्टपर्यंत जाणार कशाने?